‘सु’ लिहिलेला बॉल

(उत्तर मिनेसोटातलं एक लहान गाव, सप्टेंबर २००४. रविवार सकाळ. सुशांत, आणि महिन्याभरापूर्वी नागपूरहून त्याच्याकडे आणि सून शिवांगीकडे राहायला आलेले त्याचे वडील पुरुषोत्तम.)

सुशांत: लायब्ररीत गेला होतात? मग बाबा, तुमच्या पँटला या पाइनच्या सुया कशा चिकटल्या?

पुरुषोत्तम: इथे झाडांशिवाय आहे काय रे? चिकटल्या असतील कुठेतरी.

सुशांत: लायब्ररीच्या रस्त्यावर एक पाइन नाही. शिवांगी म्हणाली, काल दहाला निघालात ते एकला आलात. गोल्फ कोर्सवर होतात ना?

पुरुषोत्तम: तू पोलिसात कधीपासून लागलास? चहा घे, गार होतोय.

सुशांत: राहू दे चहा. काल पाचव्या होलवर माझा बॉल झाडीत गेला. सगळ्यांनी पाहिला, माझ्या बॉसनेपण. बॉल शोधायला मी सगळ्यांच्या पुढे चालत होतो. बाकीचे पोचले तेव्हा बॉल बाहेर, मस्त गवतावर.

पुरुषोत्तम: मग बरंच झालं की.

सुशांत: काय बरं झालं? बॉल पडला तिथूनच मारायचा असतो बाबा. हात लावला की चीटिंग. बॉस बोलला काही नाही. पण पुढच्या प्रत्येक होलला माझा स्कोअर दोनदा विचारला त्याने. गावाचंच कोर्स आहे, उद्या ऑफिसभर होईल. मला लोक खोटारडा म्हणणार यार.

पुरुषोत्तम: हात लावायचा नसतो?

सुशांत: नसतो.

पुरुषोत्तम: आपल्याकडे कंपाउंडात बॉल आला की आतल्याने बाहेर फेकायचा. मला काय ठाऊक बाप्पा.

सुशांत: म्हणजे तुम्हीच. आणि झाडीत लपून कशाला उभे होतात?

पुरुषोत्तम: तूच म्हणाला होतास, तिकडे येऊन उभे राहू नका, बरं दिसत नाही. म्हटलं, झाडाआडून बघू तुझा खेळ. तर बॉल पायाशीच आला. दुसऱ्या कोणाचा असता तर वाकलो नसतो रे. त्यावर ‘सु’ होतं.

सुशांत: आपला ओळखू यावा म्हणून सगळेच मार्क करतात. मी मराठीत करतो, एवढंच.

पुरुषोत्तम: चल, मी येतो तुझ्या साहेबाकडे. चूक माझी आहे, सांगतो तसं.

सुशांत: म्हणतील, बापालाच झाडीत उभा केला होता.

पुरुषोत्तम: म्हणोत. बारावीच्या वर्षी असाच ‘सु’ लिहिलेला तुझा टेनिसबॉल मी कपाटात कुलूप लावून ठेवला होता. पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाहीस. कालचा तरी लगेच द्यावा म्हटलं.

सुशांत: तो फेकून दिलात ना नंतर?

पुरुषोत्तम: बॅगेत आहे. महिना झाला, द्यायचा धीर होत नाही.

सुशांत: जॅकेट घाला बाबा. बॉसशी तुमची ओळख करून द्यायची माझीही राहिलीय.