लायनर गार होईपर्यंत

हॅलो?… कोण?… ताई? तू?

नाही नाही, ठेवू नकोस! ओळखला ना आवाज, न ओळखायला काय झालं? सव्वा वर्षानं ऐकतेय, म्हणून जरा… बोल ना. कुठून बोलतेस?

खाली? कुठे खाली?… माझ्याच दारात?

अगं बाई. बेल वाजवलीस? ती बंद आहे, दोन आठवडे झाले. बरं झालं फोन केलास… हो, हो, घरातच आहे… येते ना, येते. फक्त दहा मिनिटं थांब.

दहा. नाही, आठ. आठच राहिली असतील.

अगं ऐक ना, मुद्दाम नाही गं! हलता येत नाहीये मला… पाय बरा आहे. म्हणजे, बूट घातलेत. गरम बूट… गरम म्हणजे गरम! ओव्हनमधून काढलेले.

हसू नकोस… हसत नाहीयेस? बरं.

नीट सांगते. माझे स्कीचे बूट. बाहेरून कडक प्लास्टिक, आत एक मऊ बूट असतो, त्याला लायनर म्हणतात. तो तापवायचा. तापला की ढिला पडतो. मग लगेच पाय घालायचा, बकलं लावायची आणि गार होईस्तोवर पुतळ्यासारखं उभं राहायचं. गार होताना तो पायाचा आकार धरतो. मध्ये हललं की आत घडी पडते… हो, बोटांना टोपीसुद्धा घालतात, जागा राहावी म्हणून. आत्ता माझ्या दहाही बोटांना टोपी आहे. सांगू कोणाला!

परत तापवता येतो, पण दोन-तीनदाच. ही तिसरी वेळ. दुकानातला कारागीर म्हणाला, बाई, यापुढे यात काही जीव राहणार नाही.

कारण घोटा बदललाय माझा! आत प्लेट टाकलीय ना, तिथे टेंगूळ आलंय. जुन्या आकारात पाय जातो, पण पाच मिनिटांत डोळ्यांपुढे काजवे चमकतात. आणि उद्या सकाळी आठला चाचणी आहे. मला परत उतारावर शिकवू देतील की तिकीटखिडकीत बसवतील, ते उद्या ठरणार. बावन्नाव्या वर्षी पुन्हा विचारत नाही कोणी… तिकीटखिडकी वाईट नाही गं, पण मी वेडी होईन तिथे. तुला माहीत आहे मी कशी आहे.

पण थांब, पाय मोडल्याचं तुला कोणी सांगितलं?… खालच्या शिंपीणबाईंनी? अच्छा. तरीच परवा माझी नजर चुकवत होत्या.

कळवायला हवं होतं. मान्य. पण कोणत्या तोंडानं कळवू? तूच म्हणाली होतीस ना, मेलीस तरी मला सांगायला कोणी येऊ नका… हो, रागात. माहीत आहे, रागात.

शिंपीणबाईंचंच दार वाजव ना, त्या आत घेतील… बंद? मग किल्ली टाकते खिडकीतून! थांब. खुर्चीवर पर्स आहे… हात पोचत नाहीये. झाऱ्यानं ओढते… आली, आली… अरे देवा. काही नाही. पडली. पर्स, झारा, सगळं टेबलाखाली.

सहा मिनिटं, ताई. ओट्याला घट्ट धरून उभी आहे गं.

बस? कितीची?… चारची? मग सहाच्या बसनं जा! आल्या पावली परत जायला आलीस का?

काय म्हणालीस?

…ऐकलं. ऐकलं मी.

हो. तेव्हाही असंच म्हटलं होतं. एवढा सीझन संपू दे, येतेच. आणि तू हॉस्पिटलात आईला रोज सांगत राहिलीस, निघालीय ती, पोचेलच… हो. आणि मी आले ते ती गेल्यावर. तीनच दिवस उशीर… तीनच नाही. तीन दिवस. उशीर.

ताई?

अगं बोल काहीतरी. शिव्या दे, पण बोल! मला इथे नुसतं उभं राहायचंय, मी काय करू?

हा कसला आवाज?… खिडकी उघडी आहे, ऐकू येतंय मला. घरघर कसली? चाकं? मोठी बॅग आणलीस?

किती दिवसांसाठी आली होतीस?

…महिनाभर?

मला करून घालायला. पाय धड होईपर्यंत.

ताई, थांबव ती चाकं. थांबव गं! निघाले मी.

हो, बूट घालूनच, काढत कुठे बसू!… गार नाही झाले. मोडला आकार. घोट्यापाशी घडी पडली, कळलं मला… पडू दे! उद्याचं उद्या बघू. तू फक्त फोन ठेवू नकोस.

हं, जिन्यात आले. धाड धाड काय विचारतेस, मीच ती! यात घोटा वाकत नाही, उलटी उतरतेय. एका हातात कठडा, फोन मानेत… पडत नाही गं. पडले तरी तीन मजलेच… बरं, बरं, नाही बोलत तसं.

दुसरा मजला… दुखतंय. हो. खूप दुखतंय, ताई.

मोडला तेव्हाही खूप दुखलं होतं. तिथे फॉर्मवर जवळच्या माणसाचा नंबर लिहायचा होता. मी तुझाच लिहिला. आणि मग नर्सला म्हटलं, त्या नंबरवर फोन करू नका.

रडत नाहीये. धाप लागलीय… रडतेय. असू दे.

आईच्या वेळी मी असंच धावत यायला हवं होतं. जे हातात असेल ते टाकून. आले नाही. चुकलं माझं, ताई… नाही, म्हणू दे ना मला. इतके दिवस कोणापाशी म्हणणार होते?

तू कुठे आहेस?… परत दारात? खरंच?

हो, आलेच, ही शेवटची पायरी… अगं रेटू नकोस! तू रेटतेस म्हणून कडी सरकत नाहीये. मागे हो. अजून जरा…

दिसलीस. काचेतून दिसतेस.

अगं… केस किती पांढरे झाले गं तुझे.

उघडतेय, उघडतेय. तू ठेव तो फोन. दोन्ही हात मोकळे कर… आणि धर मला.