टॅनिंग सलूनचा विमा

तुम्हाला खोटं वाटेल, पण बाहेर पन्नास डिग्री ऊन असताना, इथे कुवेतमध्ये पैसे देऊन काळं व्हायचं सलून आहे! बनेद अल-गार भागात एका लेबनीज मॅडमनी काढलंय. मी विमा विकायला गेलो, तर त्यांना सगळ्यात स्वस्त पॉलिसी हवी होती. गिऱ्हाईक घसरून पडलं, तर भरपाई देणारी.

म्हटलं, "मॅडम, त्या काळं करणाऱ्या दिव्यांच्या मशीनमध्ये झोपून कोणी भाजलं, तर त्यात काही मिळणार नाही. ते कव्हर वेगळं घ्यावं लागतं."

मॅडम भडकल्या. "माझ्या मशीनमध्ये कोणी भाजत नाही! झोपून बघा!"

पॉलिसी हातची जायला नको म्हणून झोपलो. मॅडमनी इरेला पेटून जरा जास्तच वेळ लावला. संध्याकाळी माझं तोंड लालबुंद. बायको म्हणाली, "उन्हात टोपी घालायला काय होतं हो तुम्हाला?"

दोन दिवसांनी सोललेलं नाक घेऊन परत गेलो. मॅडमनी एकदाच पाहिलं आणि मुकाट्याने मोठ्या कव्हरवर सही केली. मग हळूच विचारलं, "तुमचं नाक यात बसतं ना?"

"नाही. पॉलिसी आजपासून सुरू. नाकाची भरपाई तुम्हालाच खिशातून द्यावी लागेल."

मॅडमनी मला नीट निरखलं. म्हणाल्या, "कसली भरपाई? काय सुंदर रंग आलाय!"