मोना वर्गात का ओरडायची?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष विश्वजित सरनोबत सर, व्यासपीठावरील पाहुणे, कबनूरहून मुद्दाम आलेले तात्यासो गुरुजी, आणि ज्यांना निरोप द्यायची वेळ आली हे अजून मनाला पटत नाही त्या आमच्या अरुणा मगदूम मॅडम. जमलेल्या सर्वांना वर्षाराणीचा नमस्कार.

मानवशास्त्राचे अभ्यासक पाड्यावर जातात, जत्रेत जातात. मॅडम मात्र आयुष्यभर शाळेतल्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या. "शाळेत काय बघायचं?" असं लोक विचारायचे. काय बघायचं, ते एका प्रसंगातून सांगते. गुरुजींची परवानगी घेतलीय, बरं का!

मी तेव्हा मॅडमची संशोधक विद्यार्थिनी. कबनूरच्या एका शाळेत आम्ही दोघी कित्येक महिने जात होतो. गुरुजींच्या पाचवीच्या वर्गात मोना नावाची मुलगी होती. साधं उत्तरही ओरडून द्यायची. रागावलं, तर मान खाली घालायची सोडून टक लावून तोंडाकडे बघायची. गुरुजींनी तिला उद्धट ठरवलं. रोज वर्गाबाहेर. शेवटी ती यायचीच थांबली. वडिलांचा निरोप आला, "सोमवारपासनं मागाला सुताच्या कांड्या भराय बसवतोय तिला."

"बघा मॅडम, घरचं वळण!" गुरुजी म्हणाले.

"चला की, घर बघून येऊ," मॅडम एवढंच म्हणाल्या.

घरातच यंत्रमाग चालू होते. त्यांच्या खडखडाटानं दारातच आमच्या कानठळ्या बसल्या. मोनाची आई, बनाबाई, लेकीच्या ओठांकडे बघत होती, लेक आईच्या. गुरुजी काहीतरी बोलले. बनाबाईनं त्यांच्या तोंडावर नजर रोखली आणि ओरडली, "वरडून बोला गुरुजी! हितं आयकाय येत न्हाई!"

गुरुजींनी छाती भरून श्वास घेतला. नेमकी तेव्हाच वीज गेली. माग थांबले. आणि गुरुजींचा आवाज साऱ्या गल्लीत घुमला, "तुमची पोरगी लई वरडतीया!"

मोना खुदकन हसली. गुरुजी आधी लाल झाले, मग मटकन उंबऱ्यावर बसले. हळूच म्हणाले, "मोना, सोमवारी शाळेला ये. वडिलांशी मी बोलतो." वडील काही लगेच ऐकणारे नव्हते. गुरुजी शाळा सुटल्यावर पुन्हा पुन्हा त्या घरी गेले, तेव्हा कुठं ते तयार झाले.

मोना आली. तिला ओठ दिसावेत म्हणून फळ्याकडे तोंड करून बोलायची आपली सवय गुरुजींनी मोडली. मोनाला हळू बोलायला जमेपर्यंत दिवाळी उजाडली. यंदा तिनं नर्सिंगला प्रवेश घेतलाय.

त्या दिवशी परतीच्या एसटीत मी मॅडमना विचारलं होतं, "तुम्ही आधीच ओळखलं होतं ना? मग गुरुजींना सांगितलं का नाही?"

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. "अगं, मलाही ती उद्धटच वाटली होती," त्या म्हणाल्या. "म्हणून तर गेले."

मॅडमच्या पदव्या नि ग्रंथ सांगायचे राहूनच गेले. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर लेकीचं म्हणून पोटात घाला. शांतपणे ऐकून घेतलंत, आपल्या सर्वांची मी ऋणी आहे.