डॅशबोर्डवरचा दिवा

नांदेडच्या गॅरेजात मी माझ्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या जीपमध्ये फारूक मिस्त्री लॅपटॉप जोडून बसलेला. खिडकीशी जीपचे मालक, नायगावचे दयानंदराव.

“काका, एसी बंद, टेप बंद, बॅटरीला चार्जरबी लावला. तरी व्होल्टेज नाचून राहिलं. अजून काय चालू हाय?”

“काईच न्हाई.”

“प्रोग्राम टाकताना करंट हालला तर इंजिनचा कॉम्प्युटर जातो. नीट आठवा.”

“काईच न्हाई म्हणलं ना!”

“मंग हे काय लुकलुकून राहिलं?”

“तो व्हय? तो देवाचा दिवा हाय. त्याला कुठं चालू-बंद असतंय?”

“बॅटरीवरच जळतो ना?”

“डायरेक जोडलाय. गाडी घेतल्यापासून इझला न्हाई. माय रोज फोनवर इचारती.”

“धा मिनिटं त्याची वायर काढा.”

“मी न्हाई काढणार. तूच काढ.”

“मी? उद्या गावभर सांगताल, फारूकनं देवाचा दिवा इझवला!”

“मंग कसं करावं?”

“या अल्ला! सरका. आधी माझ्या स्कूटरच्या बॅटरीला जोडतो, मंग तुमची वायर काढतो. इझायचा न्हाई. झालं? आता कशालाच हात लावू नका. आता फोन कुणाचा?”

“मायचा. हाव माय, चालू हाय. न्हाई, गाडीत न्हाई, फारूकच्या स्कूटरवर ठिवलाय. थांब, इचारतो. फारूकभाई...”

“आता काय?”

“माय म्हणती, स्कूटर धुतलेली हाय का?”