पहिल्या सीनमधला माणूस

माझं माहेर तासगावकडचं. आई-वडील बेदाण्याच्या शेडवर कामाला, आमी पोरं जाळीवर द्राक्षं पसरत पसरतच मोठी झालो. तिकडं पाण्याची लय बोंब, म्हणून वडील म्हणाले, एक तरी पोरगी पाणी असलेल्या गावात जाऊ द्या, घागरीच्या खेपा तरी वाचतील तिच्या, आन मला हिकडं कृष्णाकाठाला दिली. काय सांगू तुमाला ताई, पाणी बघूनच दिलं मला आन पाण्यानंच घात केला. पर मी वडलांना बोल लावत न्हाई, त्यांनी भल्याचंच बघितलं.

मालक लय गप माणूस. पोटाला पोर झालं न्हाई, सासूनं चार गोष्टी ऐकवल्या, ह्यांनी कवा एक शब्द काढला न्हाई. दीड एकर ऊस आन नदीवर मोटर. मोटरीच्या पायपाला खाली पाण्यात फुटवॉल असतोय, त्यात गवत-शेवाळ अडकलं की मोटर पाणी उचलत न्हाई, मग कुणीतरी पाण्यात उतरून साफ करायचा त्यो. त्या दिवशी सकाळी च्या पिऊन उठले, म्हणाले फुटवॉल बघून येतो, भाकरी थाप तवर. मी भाकरी थापल्या. काठावर चपला गावल्या आन पाना गावला, बास. सुसर हाय नदीला हे समद्यांना म्हाईत, आमच्या म्हशीचा पाय तिनंच धरला हुता. पर बघितलं कुणी न्हाई आन अंगावरचं चिरगूट बी गावलं न्हाई.

मग लोकांची तोंडं. कोण म्हणालं बुडाला, कोण म्हणालं पिऊन गेला आसंल, आवं सुपारीला न शिवणारा माणूस त्यो. एकानं तर सांगितलं, साताऱ्याच्या स्टँडवर बघितला, दाढी वाढली हुती. ते मातर माझ्या डोक्यात बसलं. चारदा गेले मी साताऱ्याला. दिवसभर स्टँडवर बसायचं, दाढीवाला दिसला की उठायचं, जवळ जाऊन बघायचं, परत बसायचं. कंडक्टर लोक वळखायला लागले मला.

आमच्यात आसं हाय, माणूस गेला आन देह गावला न्हाई तर बारा वर्सं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, म्हंजी जिवाला वाट मिळती. बारा वर्सं भरली तसं धाकटे दीर, बाळू भाऊजी, मागं लागले, वैनी, आता उरकून घेऊ. मी म्हटले, उरकायला काय ते ऊस हाय व्हय? जित्या माणसाला जाळायला सांगता मला? चूल येगळी केली मी त्यांच्यापासनं. कपाळाचं कुकू न्हाई पुसलं, आन दर दिवाळीला ह्यांचे कपडे पेटीतनं काढून धुवायचे, घडी घालून ठेवायचे. बाया हसायच्या. हसू द्या.

आन मग ती शिनिमावाली आली. गेल्या साली, उसाला तोड लागायच्या आधी. निखिल म्हणून पोरगा हुता, खंडाळ्याचा, त्यो सायेब त्यांचा. पैसा बेताचा, माणसं धा-बारा, आन शिनिमा काय तर सुसरीचा. ते मगर म्हणायचे. जेवणाचं काम मला दिलं. गावातल्या लोकांनी तोंड वाकडं केलं, हिला लाज न्हाई का म्हणून, पर मला बघायचं हुतं, ही लोकं सुसर कशी दावत्यात ते.

त्या निखिलनं माझ्या चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं समदी गोष्ट मांडली. मला समजावून सांगायचा, भाकरी खात खात. मावशी, ह्या शिनिमाचं ठरल्यालं असतंय. पहिल्याच सीनला एक माणूस मरतो, साधासुधा, कुणाच्या खिजगणतीत नसल्याला. मग त्याला मगरीनं नेलं ह्याच्यावर कुणी इस्वास ठेवत न्हाई, बुडाला म्हणत्यात, पिऊन गेला म्हणत्यात. जो म्हणतो जनावर हाय, त्याला येडा ठरवत्यात. मग सरपंच जत्रा थांबवायला तयार नसतो, मग जत्रंत चार-पाच मरत्यात, मग हिरो मगरीला मारतो, आन समदं संपलं आसं वाटलं की वाळूत एक अंडं हालतं.

मी हातातलं पीठ तसंच ठेवून ऐकत ऱ्हायले. म्हटले, बाळा, ही गोष्ट तुला कुणी सांगितली? म्हणाला, कुणी न्हाई, जगात समदीकडं आशीच असती. मी म्हटले, मग त्यो पहिला गावतोय का पुढं? म्हणाला, न्हाई मावशी, पहिल्याचा देह गावला की भीती संपती, गोष्ट थांबती. त्याला गावू द्यायचं नसतंय.

त्या रातीला न्हाई, दुसऱ्या दिवशी कांदा चिरताना मला ते कळलं. म्हटलं, व्हय की. समद्यांची गोष्ट पुढं गेली, भाऊजींची पोरं शिकली, गावात पूल झाला, आन मी बारा-तेरा वर्सं त्या पहिल्याच सीनमधी उभी हाय काठावर. कांद्याचं निमित्त झालं, लय रडले.

सुसर केली हुती माधवनगरच्या शब्बीरभाईंनी. गाद्या करणारा माणूस, पिढ्यानपिढ्यांचं काम. ट्रॅक्टरच्या टुबा आन वर काळं रेग्झिन, दात पायपाचे. पहिल्या सीनमधल्या माणसाची बाहुली बी त्यांनीच केली, पोत्यात उसाचं वाळलं पाचट भरून, डोक्याला नारळ, कारण खरा माणूस पाण्यात कोण उतरणार हितं? समदं झ्याक, पर कापडं काय घातली तर चकचकीत बटनाचा निळा सदरा. मला बघवंना. म्हटले, शब्बीरभाई, फुटवॉल काढायला चाललाय का सोयरीक बघायला? मोटरीवर जाणारा माणूस आसला सदरा घालतोय व्हय? ते म्हणाले, मग वैनी तुमीच द्या काय तरी जुनं. आन मी घरी गेले, पेटी उघडली, ह्यांचा खाकी सदरा आणून दिला. कसं झालं ठाव न्हाई. बाहुली नीट दिसावी एवढंच डोक्यात. चूक म्हणा. जित्या माणसाचं कापड कुणी देतं का मरणाच्या सोंगाला? बटनं मीच लावली.

पहिल्यांदा सुसर सोडली ती शेपूटच निसटलं तिचं, समदी हसली, मी बी हसले. दुसऱ्यांदा मातर बराबर आली. दोरानं वढत आणली, तोंडात बाहुलीचा हात अडकवला आन खाली. खाकी पाठ एकदा वर दिसली आन गेली. समद्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पाण्यात गुडघाभर गेले हुते, मला कळलं बी न्हाई. निखिल म्हणाला, मावशी काय झालं? म्हटले, काय न्हाई, आमटीत मीठ घालायचं ऱ्हायलं.

आन दोर तुटला त्यात, बाहुली वाहून गेली. एक जण बघायला निघाला तर निखिल म्हणाला, सोड रं, पहिल्याचं काम झालं, आता त्याची गरज न्हाई. त्याच्या मनात काय वंगाळ नव्हतं हो. पर माझं डोकं फिरलं. पळी आपटली मी आन वरडले, माणूस हाय त्यो! मग गावातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं आसणार माझं समदं, कारण निखिल माझ्याकडं बघंना झाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी शब्बीरभाई आले. कुणाला न सांगता काठाकाठानं दोन दिवस हिंडले हुते. खाली लव्हाळ्यात अडकली हुती म्हणाले. खांद्यावर टाकून न्हाई आणली त्यांनी, दोन्ही हातांवर, वर पांढरी चादर. दारात ठेवली आन म्हणाले, वैनी, आमच्यात मयताच्या मातीला लय मान हाय. मला तसं सोडून जायला झालं न्हाई. बास, एवढंच, आन बाजूला जाऊन बसले. मी चादर काढली. सदऱ्यात चिखल, एक बाही फाटल्याली. पाणी तापवलं आन धुतलं मी त्याला. धुताना बोलत हुते म्हणं मी, शब्बीरभाई सांगत्यात, मला आठवत न्हाई. मग भाऊजींना बोलावणं धाडलं. चूल येगळी झाल्यापासनं पहिल्यांदा माझ्या उंबऱ्यात आले आन ढसाढसा रडले. आवं, सख्खा भाऊ त्यांचा. मी माझ्याच दुक्कात, त्यांचं कवा बघितलंच न्हाई.

गुरुजी म्हणाले, पुतळा दर्भाचा लागतोय, पाचट शास्त्रात न्हाई. मी म्हटले, जल्म उसात गेला त्यांचा, पाचटच बरं. मग त्यांनी चार काड्या दर्भाच्या छातीवर ठेवल्या आन मंत्र म्हटले. निखिल आला, हळूच म्हणाला, मावशी, कॅमेरा लावू का लांबनं? म्हटले, न्हाई बाळा, ह्यो सीन तुझा न्हाई. टोपी काढून उभा ऱ्हायला मग. भाऊजींनी अग्नी दिला. पाचटच त्ये, किती वेळ जळतंय?

शिनिमा मोबाईलवर आला. शेजारच्या सुनेनं दावला. पहिला सीन दोन मिनिटाचा, ह्यांची पाठ दिसती, मग पाणी. पुढं त्याचं नाव बी कुणी घेत न्हाई. सुसर मातर खरी वाटती, शब्बीरभाईंचा हात हाय त्यो. त्यांना औक्ष मिळू दे, त्या निखिलचं बी भलं हुऊ दे, पोरगा वाईट न्हाई.

बाया म्हणत्यात, बरं झालं, मोकळी झालीस. काय बोलायचं त्यांना? भाऊजींकडं जेवते आता, सून चांगली हाय, पोरं मोठीआई म्हणत्यात. पर खरं सांगू का ताई, वाट बघत हुते तवर सकाळी उठायला कारण हुतं. दार लोटून ठेवायचं, दोन भाकरी जास्तीच्या थापायच्या, कुत्रं भुकलं की बाहीर बघायचं. तवर मी कुणाची तरी बायकू हुते. आता दाराला कडी लावून झोपते.