आत्याच्या नावावर

नको, चहा नको, पाणीही नको — तुम्ही आधी हे वाचा काका, चहा सांगितलात की तो येईपर्यंत तुम्ही तोंड उघडणार नाही, आणि माझ्याकडे तेवढा वेळ नाहीये. तुमच्या दारावर 'चार वाजता उघडेल' लिहिलंय, मी सव्वातीनपासून जिन्यात बसलेय. मी पूर्णिमा. श्यामला आत्याची भाची. तुम्ही मला ओळखता हो — दर जुलैत ती तिच्या पेन्शनचे कागद घेऊन रिटर्न भरायला तुमच्याकडे येते तेव्हा तिच्यामागे मोबाइलमध्ये डोकं घालून उभी असते ना, तीच. तर ही नोटीस. आयकर खात्याची, आत्याच्या नावानं. उत्तर द्यायची मुदत उद्यापर्यंत. तुम्ही फक्त उत्तर पाठवायचं, जो काही कर निघेल तो मी इथल्या इथे भरते, दंडासकट भरते, आणि आत्याला यातलं काही कळू द्यायचं नाही. बास. दहा मिनिटांचं काम आहे. — चष्मा कसला पुसताय, वाचा ना.

हो, दागिने. बरोबर वाचलंत. 'आपल्या पॅनवर दागिन्यांची विक्री दिसते, विवरणपत्रात फक्त पेन्शन आहे, खुलासा करा.' सोन्याचे नाहीत काही, असे बघू नका माझ्याकडे. हलव्याचे. संक्रांतीला काळ्या साडीवर नव्या सुनेला घालतात, बाळाला बोरन्हाणाला घालतात, ते. आणि ते शिकवलं कुणी? आत्यानंच. बारावी झाल्यावर साताऱ्याहून मी तिच्याकडे राहायला आले, पहिल्याच थंडीत तिनं परात मांडली, खाली मंद आच, परातीत खसखस, वर चमचाभर पाक, आणि बोटांनी हलवत बसायचं, तासन्‌तास. मी म्हटलं, आत्या, दुकानात किलोनं मिळतो की. ती हलवतच राहिली. तिसऱ्या दिवशी दाण्याला काटा आला — इतका बारीक, पांढरा — आणि मी अडकले. अडकलेच. ऑफिसात बसून सुद्धा मनात नथ ओवत असते मी, खोटं नाही सांगत.

मग काय, फोटो टाकले. एका मैत्रिणीला तन्मणी करून दिला, तिच्या सासूच्या मैत्रिणीनं बाजूबंद मागितले, बाणेरच्या एका बाईंनी नातवासाठी मुकुट, बासरी, सगळं. आत्याला म्हटलं, आपण विकूया. तर म्हणते, हलवा विकायचा नसतो, तो आपल्या माणसांसाठी करायचा असतो. तिची माणसं कोण? लग्न केलं नाही तिनं. तीस वर्षं शनिवार पेठेतल्या सगळ्या शेजाऱ्यांच्या सुना नटवल्या फुकट, आणि बदल्यात काय मिळालं — ब्लाऊजपीस. कपाटाचा एक खण भरलाय ब्लाऊजपिसांनी. तुमच्या पिढीला ना, फुकट राबण्यात कसला आनंद मिळतो मला कळत नाही. तुम्हीसुद्धा तिच्याकडून फी घेत नाही, मला माहितेय. का घेत नाही? बरं, राहू दे.

तर लग्नाचं सामान विकणारी एक साइट आहे, त्यांनी विचारलं, आमच्याकडे विक्रेता म्हणून या. नोंदणीला पॅन लागतं. माझं का नाही दिलं? — हा प्रश्न तुम्ही विचारणारच होतात. कारण मी खराडीत नोकरी करते, आणि माझ्या नेमणूकपत्रात कलम आहे, दुसरा कोणताही धंदा करायचा नाही. तुम्हाला हसू येतंय. या. आमच्या मजल्यावर या एकदा. गेल्या महिन्यात दोघांना अकरा वाजता बोलावलं, साडेअकराला त्यांचे लॅपटॉप परत घेतले. त्यातला एक रविवारी मुंजीचे फोटो काढायचा, काका. मुंजीचे. कंपनीला कुठून कळलं कुणास ठाऊक. तो त्याचा कॉफीचा मग घ्यायला टेबलाशी आला तेव्हा मागे सिक्युरिटीचा माणूस उभा. मी समोरच बसले होते, मान वर केली नाही मी. तेव्हापासून रोज अकरा वाजल्यापासून साडेअकरा होईपर्यंत मी काय टाइप करते मला कळत नाही.

आमच्या टीममधला गंधार म्हणाला होता, घरात ज्येष्ठ नागरिक आहे ना, मग त्यांच्या नावावर दाखव, त्यांना तसाही कर लागत नाही, सगळे हेच करतात. आणि खरंच सगळे हेच करतात. कुणी बायकोच्या नावावर क्लास चालवतं, कुणी आईच्या नावावर केक. मला वाटलं, साइटवाले पैसे देतानाच कर कापतात, तो कापला, विषय संपला. तो कापलेला कर तिच्या पॅनखाली जमा होतो आणि सरकारला आपोआप दिसतो, हे मला कुठे माहीत? इंजिनिअरिंगला चार वर्षं काय काय शिकवलं, हे नाही शिकवलं कुणी. आणि पैसे तिच्या जुन्या पगाराच्या खात्यात येतात, तेही तिला माहीत— म्हणजे कार्ड माझ्याकडे असतं. तिला एटीएमची भीती वाटते. पासबुक ती फक्त पेन्शनचं भरून आणते.

तिला विचारलं होतं ना मी. तीच म्हणाली, दे माझं नाव.

म्हणाली असती. विचारलं असतं तर म्हणाली असती.

काका, पेन का खाली ठेवलंत? बरं, नाही विचारलं. झालं समाधान? ओटीपी तिच्या फोनवर आला. ती मेथी निवडत होती. मी आतून ओरडले, आत्या, गॅसचा नंबर येईल तो वाच. तिनं हात पुसले, चष्मा शोधला, लावला, आणि एकेक आकडा वाचला. सहा आकडे. मग म्हणाली, थांब, परत वाचते, नीट ऐकलंस ना? — दोनदा वाचला तिनं.

मला कळतंय हो काय केलंय ते. तुम्ही सांगायची गरज नाही.

आणि म्हणूनच तिला कळता कामा नये. तुम्हीच सांगितलं होतं ना मला, इथेच, या खुर्चीत — कोषागारातून तिची पेन्शन एकदा चुकून दोनदा जमा झाली, तर ती परत घ्या म्हणून तीन महिने खेटे घातले तिनं. जिथे बत्तीस वर्षं नोकरी केली त्याच ऑफिसात. तिच्याच हाताखाली शिकलेला तो सोनबा म्हणाला, बाई, राहू द्या, कोण बघतंय. त्याच्याशी ती दोन वर्षं बोलली नाही. दोन वर्षं! सोनबा निदान दुसऱ्या घरात राहत होता. मी कुठे जाऊ? ती ओरडणार नाही, ते मला माहितेय. ताट वाढेल, पोळीवर तूप घालेल, आणि माझ्याकडे बघणार नाही.

म्हणून म्हणते, लिहून टाका, श्यामलाबाईंचाच घरगुती उद्योग आहे, दाखवायचा राहून गेला. खोटं काय त्यात? शिकवलं तिनंच, परात तिची, घर तिचं. एका अर्थी तिचेच आहेत ते दागिने. लागला तर ओटीपी लागेल, तिचा फोन आणलाय मी. हा बघा, पर्समध्ये. ती घरी शोधत असेल, शोधू दे, नाहीतरी रोज शोधतेच.

हे काय देताय? मला कागद नकोय, मला उत्तर हवंय.

हे तिचं अक्षर आहे.

काका, हे आत्याचं अक्षर आहे. 'सदर दागिने मी स्वतः घरी तयार करते व त्यांची विक्री माझ्या संमतीने होते. हे उत्पन्न विवरणपत्रात दाखवायचे माझ्याकडून राहून गेले. माझी भाची पूर्णिमा हिचा या व्यवहाराशी काहीही संबंध नाही.' — सोमवारची तारीख आहे. सोमवारी ती इथे आली होती? सोमवारी सकाळी मला डबा भरून दिला तिनं, भोपळ्याच्या घाऱ्या होत्या, आणि म्हणाली, नीट जा. नोटिशीचा मेसेज तिच्या फोनवर आला होता. मी पुसला तो. मी पुसायच्या आधीच वाचला तिनं? काय म्हणाली? माझ्याबद्दल काय म्हणाली ते सांगा. रडली-बिडली? नुसता कागद मागितला आणि इथे बसून हे लिहिलं. आत्यानं. खोटं. तिला येतं तरी का खोटं लिहिता? 'सदर' आणि 'संमती' घालून लिहिलंय, जसं काही ट्रेझरीचं पत्र— आणि तुम्ही ते ठेवून घेतलंत? तुम्हाला ठाऊक होतं हे खरं नाही, मी इथे येऊन अर्धा तास बडबडतेय, आणि तुम्ही चष्मा पुसताय.

खाली सही नाहीये. का नाही?

तुम्ही करू दिली नाहीत. घरी जाऊन विचार करा म्हणालात. मग केव्हा येणार आहे ती सहीला? आज? आज किती वाजता?

थांबा, एक मिनिट. ऐका. तुमचा जिना लाकडी आहे ना. एक पायरी, मग थांबते. मग दुसरी. उजवा गुडघा आहे तो तिचा, डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केलीये.

काका, कोरा कागद द्या. तिनं लिहिलेला नको, तो फाडू नका, पण तिच्यासमोर ठेवू नका, खणात टाका. पेन चालतंय ना हे? ती आली की तिला बाहेरच्या खुर्चीत बसवा, मी तेवढ्यात — नको. येऊ दे आत. काय लिहू वरती? 'मी, खाली सही करणारी' — असंच ना? अक्षर बघा माझं, पहिलीतल्या मुलीसारखं येतंय. येत्या सोमवारी अकरा वाजता मला ऑफिसात बोलावतील. नाही बोलावलं तर मंगळवारी. बोलावू देत, आता ते — नाही, ते आत्ता नको, आत्ता तो विचार केला तर मला लिहिता येणार नाही.

ये आत्या. बस. फोन माझ्याकडेच आहे, हा घे. काही विचारू नकोस, घरी गेल्यावर विचार, नाहीतर विचारू नकोस, पण तूप वाढताना बघ माझ्याकडे. हे धर. माझं पॅन कार्ड आहे. चष्मा लाव आणि यावरचं एकेक अक्षर वाच, मी लिहिते.

नाही, दोनदा वाच.