श्रीनगर ते लेह, पाऊण तास

हसू नका, पण लेहच्या ढगांपुढे मी पुण्यात, येरवड्याच्या ऑफिसात बसून हार पत्करली आहे.

आयटीचे नवे दिवस होते. दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि वेळ सांगणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. तो तपासायचं काम चंद्रपूरच्या मेश्राम मॅडमकडे होतं. मधेच त्या काश्मीर-लडाख फिरायला गेल्या आणि तीन दिवस उशिरा परतल्या.

मी म्हटलं, "मॅडम, आपण सोमवारी येणार होतात. आज गुरुवार. तुमची तीन दिवसांची रजा कापली."

त्या जागेवर बसल्या. त्यांनी माझ्या प्रोग्रॅममधली चूक म्हणून नोंदवलं: "श्रीनगर ते लेह. प्रोग्रॅमचं उत्तर पाऊण तास. प्रत्यक्षात तीन दिवस. विमान दोनदा लेहच्या डोक्यावरून ढगांमुळे परत फिरलं."

"अहो, ही चूक आभाळाची आहे, प्रोग्रॅमची नाही!"

"मग माझी होती का, सर? माझी रजा का कापलीत?"

शनिवारी प्रोग्रॅम गिऱ्हाइकाकडे जायचा होता आणि मॅडमच्या होकाराशिवाय तो हलणार नव्हता. शेवटी मी उत्तराखाली एक ओळ घातली: "हवामान चांगलं असल्यास." मॅडमनी ती तपासली आणि लगेच पास केली.

पुढच्या मे महिन्यात त्या माहेरी चंद्रपूरला निघाल्या, तेही रेल्वेने. रजेचा अर्ज माझ्या टेबलावर आला: "सोमवारी कामावर हजर होईन, हवामान चांगलं असल्यास."

मी सही केली.